चार चातुर्मासांचा पिच्चर

मखमलाबादच्या गोरक्ष शूटिंगवाल्याला विचारा, लग्नात सगळ्यात अवघड काम कोणतं. नवरी रडताना घेणं? छे! पंगत घेणं? ती तो झोपेत घेईल. अवघड काम एकच, मांडवातलं एकही माणूस सुटता कामा नये. कॅसेट घरी आली की आख्खी भावकी टीव्हीसमोर मांडी घालून बसते आणि बघते काय? नवरा-नवरी? अहो, कुठलं! जो तो स्वतःला शोधत असतो. ज्याला स्वतःचं तोंड दिसलं नाही, तो उठतो, चपला पायात सरकवतो आणि चालू पडतो.

हे गोरक्ष एकदा चांगलं भोगून बसला होता. घरची शेती कोथिंबीर, मेथी आणि झेंडूची. पण एक्क्याण्णव साली या गड्यानं व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेतला, तो काही खाली ठेवला नाही. चौऱ्याण्णवमध्ये चुलतभावाच्या लग्नात ऐन वेळी बॅटरी संपली आणि कोंडाजीकाका कॅसेटमध्ये यायचे राहिले. कोंडाजीकाका म्हणजे गोरक्षच्या वडिलांचे चुलतभाऊ, भावकीत सगळ्यांत थोरले, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दोन वर्षं त्यांनी गोरक्षच्या घरचा चहा घेतला नाही. समोरून आले तर मान फिरवून बांधावरच्या बाभळीकडे बघत जायचे. जणू बाभळीलाच काही विचारायचं होतं! शेवटी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग गोरक्षनं हातापाया पडून मिळवलं. त्या कॅसेटमध्ये नवरदेव कमी आणि काका जास्त दिसतात. तेव्हा कुठं समेट झाला.

आता असल्या गावात राहून कुणी पिच्चर काढायचं मनात आणावं का? पण गोरक्षनं आणलं. त्याला कारण कलाआत्या.

कलाबाई ही गोरक्षची सख्खी आत्या. नवरा गेल्यापासून माहेरी भावाकडेच राहायची. पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि टेम्पोची वाट बघत रस्त्यावर उभं राहायचं, पंचवटीच्या बाजाराला जायला. टेम्पोवाल्याची मर्जी झाली तर थांबायचा, नाहीतर धुरळा उडवून पुढं. एक दिवस आत्या भर जेवणात म्हणाली, "गोरख, मला गाडी शिकव रे." घरात सगळे हसले. पन्नाशीची बाई, नऊवारी लुगडं, आणि गाडी? गोरक्षला मात्र हसू आलं नाही. त्याचा घास हातातच राहिला. त्याला अख्खा पिच्चर तिथंच दिसला. पन्नाशीची विधवा बाई एम-एटी मोपेड चालवायला शिकते आणि आपला माल आपण बाजारात नेते. बस्स. एवढीच गोष्ट.

ती गोष्ट घेऊन तो मुंबईला एका निर्मात्याकडं गेला. त्या भल्या माणसानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई पन्नाशीची कशाला? पंचविशीची करू. आणि बाजारात एक ठसकेबाज गाणं टाकू." गोरक्षनं चहा संपवला, नमस्कार केला आणि नाशिकची गाडी धरली.

घरी येऊन बायकोला म्हणाला, "प्रतिभा, आपणच काढू."

प्रतिभा घरातल्याच एका खोलीत कॉम्प्युटरवर लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करायची. बदामात नवरा-नवरी बसवणं, फुलं उडवणं, सनई लावणं हे सगळं तिचं. ती म्हणाली, "काढा की. पण कधी? लग्नं कोण घेणार?"

"चातुर्मासात."

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात आणि कॅमेरा कपाटात पडून असतो. तेवढेच दिवस गोरक्षचे. म्हणून हा पिच्चर दोन हजार सालापासून चार चातुर्मासांत झाला, आणि म्हणूनच त्यात उन्हाळा औषधालाही नाही. बघणाऱ्याला वाटावं, नाशकात बारा महिने हिरवंगारच असतं.

राहिली गाडी. गावात चांगल्या चालीची एम-एटी एकच, कोंडाजीकाकांची. काका तिला रोज स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे. पोटच्या मुलाला हात लावू देत नव्हते. गोरक्ष त्यांच्याच ओट्यावर चढला.

काकांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "पिच्चरमधी मी असंन का?"

"असाल की काका!"

"नीट दिसंन?"

"सगळ्यांत नीट."

"मंग ने."

आणि खरंच दिली. चार चातुर्मास कोंडाजीकाका स्वतःचा माल घेऊन त्याच लहरी टेम्पोची वाट बघत उभे राहिले. गाडीबद्दल एका शब्दानं कुरकुरले नाहीत. काकांसारखंच साऱ्या गावाचं. कुणी शेत दिलं, कुणी बैलजोडी, कुणी आठ-आठ दिवस येऊन छत्र्या धरल्या. मोबदल्यात मागणं एकच, आपण पिच्चरमध्ये दिसलो पाहिजे. गोरक्ष सगळ्यांना म्हणत गेला, दिसाल, दिसाल. त्याच्याकडं द्यायला दुसरं होतं तरी काय?

पण शूटिंग सुरू झालं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. दहा वर्षं त्यानंच गावाला सवय लावली होती ना! कॅमेरा वळला की माणूस जागच्या जागी थांबे, टोपी सारखी करी आणि थेट कॅमेऱ्यात बघून हसे. शेजारची सिंधुबाई मेथी निंदायला पैठणी नेसून आली. गावातल्याच सहादूचं पात्र टेम्पोवाल्याशी भांडणारं. तो भांडता भांडता मध्येच कॅमेऱ्याला नमस्कार करायचा.

आणि कोंडाजीकाका? त्यांचा सीन तर पिच्चरचा कणा. पावसानं ओला रस्ता, गाडीवर जुड्यांची गोणी, आत्या किका मारून थकलेली, गाडी काही सुरू होत नाही. काका येतात, मागून धक्का देतात, गाडी सुरू होते आणि आत्या पहिल्यांदा एकटी बाजाराला जाते. काका यायचे झोकात. धक्काही द्यायचे. पण तिसऱ्या पावलाला मान वळवून कॅमेऱ्याकडं असे हसायचे, जणू आत्ताच व्याह्यांनी गळ्यात हार घातलाय. अकरा वेळा!

"काका, कॅमेऱ्याकडं बघू नका."

"मंग कुठं बघू?"

"गाडीकडं."

"गाडी तं रोजच बघतो मी."

त्यात तिसऱ्या वर्षी आत्याचा पुढचा दात पडला. गोरक्ष रडकुंडीला आला. आत्याच त्याला म्हणाली, "अरे, दात पडला, मी नाय पडले. घे तू." आणि ती नव्हतीच पडली. त्या चार पावसाळ्यांत ती खरोखर गाडी शिकली होती. दोनदा चिखलात, एकदा थेट झेंडूत जाऊनसुद्धा.

चौथा चातुर्मास संपला. पिच्चर जोडून झाला तेव्हा दोन तास पस्तीस मिनिटांचा भरला, आख्खं गाव पोटात घेऊन. प्रतिभानं तो जागचं न हलता पूर्ण बघितला आणि म्हणाली, "अहो, हा पिच्चर नाही. ही लग्नाची कॅसेट आहे."

गोरक्षला हे फार लागलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एकटाच बघायला बसला, आणि चाळिसाव्या मिनिटाला त्याचा त्यालाच डोळा लागला. जागा झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाला, "चल. कापू." पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवायचा होता आणि तिथं नव्वद मिनिटांची अट होती, हे खरं. पण त्या अटीनं नाही, त्या डुलकीनं त्याला शहाणं केलं.

मग एकेक माणूस जायला लागलं. सिंधुबाईची पैठणी गेली. सहादूचा नमस्कार गेला. आत्याचं हसू प्रतिभानं सगळीकडून काढून घेतलं आणि शेवटच्या एका शॉटपुरतं राखून ठेवलं, पडक्या दातासकट. गोरक्ष प्रत्येक वेळी "अगं, त्यांनी बैल दिले होते गं" म्हणून कळवळायचा आणि मान दुसरीकडं करायचा. करता करता धक्क्याचा सीन आला. अकराच्या अकरा वेळा काका नवरदेवाच्या बापासारखे हसताहेत. एकही चालेना. आणि धक्क्याशिवाय पिच्चरही पुढं जाईना.

"थांबा," प्रतिभा म्हणाली. तिनं एक टेप काढली. गाडी चिखल कसा उडवते ते घ्यायला गोरक्षनं एकदा कॅमेरा मागच्या चाकाजवळ बांधला होता, आणि काकांना ते माहीतच नव्हतं. त्यात फक्त दोन हात दिसत होते. कॅरिअरला घट्ट धरलेले, शिरा तटतटलेल्या, उजवा अंगठा वाकडा. तरुणपणी पाण्याच्या इंजिनाच्या पट्ट्यात सापडला होता तो. आणि वरून काकांचा खराखुरा ओरडा, "क्लच सोड, कला! अगं सोड म्हणतो ना!"

प्रतिभानं ते हात बसवले आणि सगळा सीन जिवंत झाला. गोरक्षच्या अंगावर काटा आला. लगेच दुसरा काटा आला तो भीतीचा. काकांचं तोंड आता आख्ख्या पिच्चरमध्ये कुठंच नव्हतं.

"काकांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"एकदा बॅटरी संपली तर दोन वर्षं बोलले नाहीत ते. या खेपेला तर मी शब्द दिलाय!"

डिसेंबर दोन हजार चारमध्ये पिच्चर पुण्याला लागला. नऊवारीतली कलाआत्या स्टेजवर गेली. कुणीतरी विचारलं, "एवढा सहज अभिनय कुठं शिकलात?" आत्या म्हणाली, "अभिनय कुठला, बाबा? मला खरंच लय भ्या वाटत होतं." सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, गावाच्या वेशीवर अभिनंदनाचा फलक लागला. गोरक्षला छाती फुगवून फिरायचे दिवस आले होते, आणि हा पठ्ठ्या काकांची गल्ली टाळून फिरत होता. कारण काका पुण्याला आले नव्हते. म्हणाले होते, "गावात दाखवशील तवाच बघंन. सगळ्यांसंगं."

पौषात लग्नं नसतात. मंगल कार्यालय रिकामं होतं. तिथंच सकाळी अकराचा खेळ ठरला. आदल्या दिवशी गोरक्ष मन घट्ट करून काकांकडं गेला, खरं सांगायलाच. ओट्यावर चांदवडहून आलेले पुंजाबा बसलेले, काकांचे व्याही. काका त्यांना सांगत होते, "उद्या बघा आम्हाला पडद्यावर." गोरक्षनं व्याह्यांना नमस्कार केला, बाकी काही सांगितलं नाही. पाणी पिऊन परत आला.

दुसऱ्या दिवशी आख्खं गाव लग्नाला यावं तसं नटून आलं. खिडक्यांवर ताडपत्र्या बांधल्या. काका पहिल्या रांगेत, कडक टोपी, शेजारी पुंजाबा. गोरक्ष मागं प्रोजेक्टरपाशी उभा राहिला, दारापासून जवळ.

पिच्चर सुरू झाला आणि कुजबुजही. "मी कुठंय गं?" "आत्ता येशील बघ." सिंधुबाई तर प्रत्येक शेत दिसलं की पुढं वाकायची. मग पडद्यावर टेम्पोवाला आत्याला सोडून निघून गेला. आत्या पावसात, पायाशी गोणी. मागून कुणीतरी टेम्पोवाल्याला सणसणीत शिवी हासडली. कुजबुज विरली. स्वतःला शोधायचं लोक विसरले. इतक्या वर्षांत गोरक्षनं हे कधी बघितलं नव्हतं.

आणि तो रस्ता आला. आत्या किका मारतेय. एक. दोन. सात. पडद्यावर कोपऱ्यातून दोन हात आले, माणसाएवढाले मोठे. कॅरिअर धरलं. वाकडा अंगठा!

मग कार्यालय फुटायचंच बाकी राहिलं. "कोंडाजी! अरे, कोंडाजीचा अंगठा!" "लाव जोर, कोंडाजी!" शिट्ट्या, टाळ्या. पडद्यावरचा आवाज गर्जला, "क्लच सोड, कला!" आणि सगळं गाव एका सुरात ओरडलं, "सोड!" गाडी सुटली. बायका उभ्या राहिल्या. शेवटी बाजारात पोचलेली आत्या पडका दात दाखवून हसली, तेव्हा सिंधुबाई पैठणी विसरून पदरानं डोळे पुसत होती.

ताडपत्र्या निघाल्या. उजेड आला. लोक गोरक्षला मिठ्या मारत होते, पण त्याचं लक्ष पहिल्या रांगेकडं. काका तसेच बसलेले, मान खाली. तो जाऊन त्यांच्या पायाशी बसला.

"काका, मी शब्द मोडला. तुमचं तोंड नाही आलं. तुम्ही कॅमेऱ्याकडं बघत होता, म्हणून..."

काका आपल्या हातांकडं बघत होते, उलटसुलट करून. सत्तर वर्षं जवळ असलेली वस्तू आज पहिल्यांदा हातात आल्यासारखी.

मग त्यांनी वाकडा अंगठा पुंजाबांसमोर धरला. "व्याही, तोंड काय, लग्नाच्या कॅसेटमधी कुणाचंबी येतं. माझं काम घेतलं पोरानं. आन् सगळ्या गावानं वळखलं." उपरण्यानं डोळे पुसले आणि गोरक्षवर खेकसले, "बघतो काय असा? तेवढंच लाव परत!"

तेवढंच तीनदा लावलं. त्या संध्याकाळी काका गोरक्षच्या घरी चहाला आले, दोन कप प्याले.

गोरक्षनं पुढं आणखी दोन पिच्चर काढले, दोन्ही चातुर्मासातच. लग्नं तो अजून घेतो. आणि गावातल्या कुठल्याही मांडवात त्याचा कॅमेरा समोर आला की कोंडाजीकाका आता टोपी सारखी करत नाहीत. नीट दिसतील असे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात आणि नवरा-नवरीकडं बघत बसतात.