न बोलता घेतलेली काळजी

"आधी हातमोजे, मग नमस्कार!"

सकाळी आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात, पाऊल टाकलं की हे ऐकू यायचं. बोलताना त्याची नजर तुमच्या तोंडाकडे नसायचीच, ती बोटांवर असायची. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेल, ज्याला लांबून बघितलं तरी आपण हातमोज्यांसाठी खिसे चाचपायला लागतो. चाकणच्या आमच्या कंपनीत तो लाइनवर सुपरवायझर होता. परभणीकडचा, निघोज्यात खोली करून एकटा राहायचा. एकदा मोठे साहेब मोकळ्या हातांनी पत्रा उचलायला गेले, तर याने त्यांच्यापुढे हातमोजे धरले. म्हणाला, "साहेब, बोटं कंपनीची नाहीत, घरच्यांची आहेत." साहेबांनी मुकाट्याने घातले.

स्वच्छतेचं तर त्याला वेडच. किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर लावलेलं असायचं, पण कोणी मागितलं तर ते देत नसे. दुसऱ्या दिवशी नवं कोरं आणून हातावर ठेवायचा. "घ्या राव, हे तुमचं. माझं माझ्यापाशी." आम्ही चिडवायचो, "बायको आली की तिलाही वेगळं घर घेऊन देशील!" तो हसायचा आणि डब्याकडे वळायचा.

एकदा पत्र्याची धार लागून त्याच्या तळहाताला चीर गेली. रक्ताची धार लागली. मी फडकं घेऊन धावलो, तर केवढ्याने ओरडला, "लांब हो! हात लावू नको!" एका हाताने, दातांची मदत घेत त्याने स्वतःच पट्टी बांधली. दवाखान्यात जायच्या आधी ब्लीच मागवून सांडलेलं रक्त स्वतः पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. इतकी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

हाच किस्सा मी चऱ्होलीला मावशीकडे रंगवून सांगितला. माझी मावसबहीण अश्विनी, तिच्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चाललं होतं. मावशीने घरदार, पगार वगैरे काही विचारलंच नाही. "पोरगं काळजी घेईल न्हवं?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, जो परक्यांच्या बोटांना एवढा जपतो, तो बायकोला नाही जपणार?"

लग्न झालं. मी त्याला दाजी म्हणायला लागलो. दोघं आकुर्डीला राहायला गेली. अश्विनी माहेरी आली की हसत सांगायची, "दादा, यांचा ब्रश, यांचं दाढीचं सामान, सगळं वेगळ्या डब्यात. कुलूप तेवढं लावायचं राहिलंय."

मग तिला दिवस गेले. पहिल्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. अश्विनी एकटीच बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"दादा, मला हिपॅटायटिस बी झालाय. यांच्याकडून. यांना लग्नाआधीपासून आहे आणि माहीतही होतं."

तो मागे येऊन उभा राहिला. मी विचारलं, "दाजी, खरं आहे हे?"

"रक्तदान केलं होतं, तेव्हा कळलं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. लग्न ठरलं की मुलीचं रक्त तपासा, तिला लस द्या. लस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा. मग तिला धोका नाही."

"मग?"

"लस द्यायची म्हणजे सांगावं लागलं असतं, राव. आणि सांगितलं असतं तर दिली असती का तुम्ही पोरगी?"

उत्तर अश्विनीने दिलं. "मी केलं असतं लग्न. लस घेतली असती आणि केलं असतं. आख्ख्या कंपनीला हातमोजे वाटत फिरता, माझे कुठं होते?"



वेगळा ब्रश, वेगळं नेलकटर, माझ्यावरचं ते ओरडणं. न बोलता घेता येईल तेवढी सगळी काळजी त्याने घेतली होती. जिच्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं तेवढीच सोडली, आणि माझ्या बहिणीला वाचवणारी तीच होती. ज्या किश्शावर मी मावशीला शब्द दिला, त्यातलं रक्त पुसताना याला ठाऊक होतं आपण काय पुसतोय ते. खोटं बोलून फसवणारे पुष्कळ भेटले. चांगलं वागून फसवणारा हा एकच. म्हणून तर राग जात नाही.

अश्विनी चऱ्होलीला परत आली ती आलीच. त्याने कंपनी सोडली, कुठे गेला ते मी विचारलं नाही. बाळाला जन्मल्याबरोबर लस दिली, सोबत आणखी एक इंजेक्शन दिलं. पुढे रक्त तपासलं तेव्हा बाळ सुखरूप निघालं. अश्विनीचा आजार मात्र राहिला. तब्येत बरी आहे, पण तपासणी आता कायमची पाठीशी.

तो मला शेवटचा दिसला बारशाच्या दिवशी. बोलावलं नव्हतं. मावशीच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये उभा होता. वॉचमनच्या हाती त्याने पिशवी वर पाठवली. आत झबली, टोपडी आणि बाळाने स्वतःला ओरबाडू नये म्हणून घालतात ते इवलेसे पांढरे हातमोजे.

"टाकून दे ते," मावशी म्हणाली. "आपल्याला न्हाई पायजे त्याचं काई."

अश्विनीने हातमोजे उचलले. बाळाच्या मिटलेल्या मुठींवर एकेक चढवला आणि नाड्या हलक्या हाताने बांधल्या. मी गॅलरीतून खाली बघितलं. तो वरच बघत होता.

"बोलावू का त्याला?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "गॅलरीचं दार तेवढं लावून घे."