मधल्या खुर्चीवर मावशी

मावशीचं गाव नागपूरहून बसनं दीड तासावर, तालुक्याचं. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. सकाळीच इस्त्रीची साडी नेसून ती म्हणाली, "चाल वं, वाचनालयात जाऊ."

वाचनालय इंग्रजांच्या काळातलं. काळ्या दगडाच्या कमानी, वर कौलं, आत लांबलचक सागवानी टेबल. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून तिथली पुस्तकं वाचते. पण बायकांनी बाजूच्या खिडकीशी उभं राहायचं, देतील ते पुस्तक घ्यायचं आणि घरी जायचं, अशी रीत. अंगणवाडीत तिनं गावातली अर्धी मुलं शिकवली, निवृत्तही झाली. त्या टेबलाशी मात्र कधी बसली नव्हती.

त्या दिवशी ती खिडकीकडे वळलीच नाही. पायऱ्या चढून आत गेली, कपाटातून एक जाडजूड प्रवासवर्णन काढलं आणि मधल्या खुर्चीवर बसली. पेपर वाचणाऱ्या सातआठ पुरुषांनी माना वर केल्या. मी शेजारी बसले.

ग्रंथपाल लगबगीनं आला. "आजी, पुस्तक खिडकीतून देतो ना तुमाले. इथं माणसं बसतात."

"मंग मी कोन हावो?"

तो गडबडला. "नियम हाये, आजी."

"कुठं लिहिला हाये? दाखव बरं."

त्यानं ड्रॉवर उपसले, नियमावली चाळली. तसा नियम कुठंच नव्हता. मग त्यानं अध्यक्षांना फोन लावला. ते स्कूटरवरून आले आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या सोयीसाठीच तर खिडकी आहे. उगाच वाद काहून करता?"

"वाद कुठं करून राहिली मी? मी वाचून राहिली. तुमीच बोलून राहिले." तिनं भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे बोट दाखवलं. कोपऱ्यातला एक म्हातारा खुदकन हसला. अध्यक्ष पाय आपटत निघून गेले.

थोड्या वेळानं आमच्या डोक्यावरचा पंखा बंद झाला. बाकीचे चालूच होते. घामानं माझा ब्लाउज पाठीला चिकटला. मी उठायला लागले, तसं तिनं माझं मनगट धरलं. "बस." पदरानं मान पुसली आणि पान उलटलं. दुपारी वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हाच ती उठली. "उद्या येतो," तिनं ग्रंथपालाला सांगितलं.

मी नागपूरला परतणं एक दिवस पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी शेजारीण आमच्यासोबत आली. आठवड्यानं आणखी दोघी आल्या, असं मावशीनं फोनवर सांगितलं.

अध्यक्ष अजून मावशीला ओळख दाखवत नाहीत. पण आता रोज चारपाच बायका त्या टेबलाशी असतात. एकीला नीट वाचता येत नाही. मावशी तिला हळू आवाजात वाचून दाखवते. ग्रंथपालानं एकदा त्यावरून टोकलं. तिनं आवाज आणखी थोडा उतरवला. वाचणं थांबवलं नाही.