लोटूचं खानदानी रक्त

डिंडोलीच्या लोटूला तंबाखूसाठी सबब पुरवली ती चक्क डॉक्टरांनी. कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात तपासणीला आलेले डॉक्टर म्हणाले, “व्यसनाची ओढ थोडीफार आईबापांकडूनही येते.” पुढचं वाक्य ऐकायला लोटू थांबला नाही. थुंकायला जावं लागलं.

तेव्हापासून बायकोने, सरलाबाईने, तंबाखूची डबी लपवली की तो छाती फुगवून सांगे, “मन्हा बापनी खादी, आजानी खादी. रगतमाच शे, मी काय करू?” नाक्यावर, लग्नात, अगदी मयतीतही त्याने हे खानदानी रक्त मिरवलं.

मिरवता मिरवता ते चलथाणला पोहोचलं. तिथल्या सखारामच्या सुमनवर लोटूच्या हेमराजचा जीव जडला होता. सखारामचा निरोप आला, “बापाच्या रक्तात आहे, तर पोराच्याही असणार. हे जमायचं नाही.”

हेमराज बिचारा सुपारीच्या खांडालाही शिवत नसे!

“आते मिरव!” सरलाबाई कडाडली.

लोटूने डबी घरी ठेवली आणि बायको-पोराला घेऊन चलथाण गाठलं. “रक्तबिक्त काही नसतं हो, सखारामभाऊ. मी बघा, सोडलीसुद्धा!”

सखाराम विरघळू लागला. पण चहा येईपर्यंत लोटूचा अंगठा आपोआप तळहातावर घासू लागला. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कामगार तंबाखू मागतात ती अशीच. सखारामचाही जन्म लूमवरच गेलेला. त्याचा हात तितक्याच आपोआप खिशात गेला आणि पुडी बाहेर आली, चुन्यासकट.

सरलाबाईने पदर तोंडात कोंबला.

चहा घेऊन आलेली सुमन दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. “बाबा, म्हणजे माझ्याही रक्तात आहे! आता यांनी मला नाकारायचं का?”

“तसं नाही गं...”

“रक्तातून नुसती ओढ येते. पुडी टपरीवरूनच आणावी लागते.” तिने पुडी ट्रेमध्ये घातली आणि आत नेली.

लग्न ठरलं. दोन्ही बापांनी तंबाखू सोडायची, ही अट सुमनची.

लोटूचा अंगठा अजून फिरतो. सरलाबाई तळहातावर बडीशेप ठेवते.

“हाई मन्हा रगतमा नही वं!”

“खा मुकाट. नातूना रगतमा हाईच उतरी!”