चार जाड तारा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चादरींचं दुकान आहे, तिथे तो कामाला असतो. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलतो. चादरींच्या घड्या मात्र ठेक्यात घालतो, आणि डावा पाय फरशीवर तोच ठेका धरून असतो.

सुट्टीच्या दिवशी तो एका बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची, खर्जात वाजणारी गिटार वाजवायचा. कॉलेजची गॅदरिंगं, हॉटेलातले वाढदिवस, आणि तिथे जगभर गाजलेली इंग्रजी रॉक गाणी. एकदा मी तोंडावरच म्हणालो, "तुझं वाजवणं काही ऐकू येत नाही बुवा."

"न्हाईच येत, सर. पण मी थांबलो की गाणं पडतंय."

बँडचा गायक त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गेल्या उन्हाळ्यात तो पुणे रस्त्यावर ट्रकखाली गेला.

शोकसभेला हा एकटाच गिटार घेऊन आला. नुसत्या त्या चार जाड तारांवर गाणं कुणाला ओळखू येईना. लोक मोबाइल बघायला लागले. मधेच तो थांबला. तेव्हा कुठे मला गाणं ओळखू आलं, बँडकडून अनेकदा ऐकलेलं; इथे सगळी वाद्यं थांबायची आणि दोस्त एकटा गायचा. निवेदकाला वाटलं, संपलं. त्याने माइक उचलला.

याने मान वर न करता हात आडवा केला. "थांबा की. त्याचं व्हायचंय अजून."

सभागृहात फक्त त्याच्या पायाचा ठेका. दोस्ताच्या ओळींना लागायचा तेवढा वेळ गेल्यावर त्याने पुन्हा तार छेडली. आता त्याचं वाजवणं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मला ते ऐकवेना.