औताच्या आधी पोरं

रखमाजी बांगलादेशातून परत आला तेव्हा त्याच्या हातात गेला होता तेच गाठोडं होतं. पासलीची माणसं पारावर जमली. कुणाला लुगडं हवं होतं, कुणाला लढाईच्या गोष्टी. रखमाजी म्हणाला, "तिकडं बी भातच हाय. भाताला भातच म्हंत्यात." आणि तो घरी गेला.

मी तेव्हा पासलीच्या शाळेत बदली शिक्षक होतो. पुण्याहून मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती. वर्षभर रखमाजीच्या पडवीत राहत होतो, जेवतही त्याच्याकडेच होतो. तो पस्तिशीचा, मी तेविशीचा. तो मला गुरुजी म्हणायचा, पण आमचं नातं दोस्तीचं होतं.

तो गेला कसा, तेही मी पाहिलं होतं. बहात्तरचा जानेवारी होता. भोरच्या बाजारात पुण्याच्या एका संस्थेचा माणूस आला होता. लढाईत जळालेल्या गावांत भाताची लावणी करायला आणि घरं शाकारायला माणसं हवी होती. मजुरी नव्हती, फक्त गाडीभाडं आणि जेवण. लोकांनी ऐकलं आणि मिरच्या घ्यायला निघून गेले. रखमाजीनं विचारलं, "किती दिस?" तीन महिने, असं उत्तर आलं. "मग रोपाच्या जागंवर राब भाजायच्या वक्ताला माघारी यीन," म्हणाला आणि अंगठा दिला. पुण्याच्या पुढं तो कधी गेला नव्हता.

त्याची बायको सरूबाई आठ दिवस भांडी आपटत होती. "पोरीच्या अंगावर धड परकर न्हाई, अन् हे निघालं दुसऱ्याचं घर शाकाराया!"

तो गेला. तीन महिन्यांनी आला. आणि पहिल्याच जेवणाला ते सुरू झालं.

त्या घरात रीत अशी होती की आधी आम्ही दोघे बसायचो. त्याची आठ वर्षांची मुलगी बनी दाराच्या खांबाला धरून उभी राहायची. आम्ही उठलो की ती आणि तिची आई उरलेलं खायच्या. सगळ्या गावात असंच होतं. मी वर्षभर त्या मुलीसमोर जेवलो होतो आणि एकदाही मला घास अडकला नव्हता.

त्या दिवशी रखमाजीनं पहिला घास उचलला. बनीकडे पाहिलं. घास परत ताटात ठेवला.

"बने, बस हितं."

"आबा, तुमचं होऊ द्या की."

"बस म्हंतो ना."

तिनं त्याच्या ताटात खाल्लं. तो बघत बसला. ती उठल्यावर तो जेवला. दुसऱ्या दिवशी तेच. माझंही ताट मागं गेलं. सरूबाई मला म्हणाली, "गुरुजी, तुमी शिकल्यालं हाय. ह्यांना काय झालंय, बगा की." मी पाहत होतो, पण मला काही कळत नव्हतं. गावानं त्याला 'पोरीचा आबा' म्हणायला सुरुवात केली. यात टोमणा होता. त्याला तो लागला नाही.

त्या साली पावसानं हात आखडला होता. रोपं तयार होती, पण खाचरांत चिखलणी करण्याइतकं पाणी साचत नव्हतं. आषाढात तीन दिवस सरी आल्या आणि रखमाजीनं इर्जिकीची हाक दिली.

इर्जिक म्हणजे गावानं एकाच्या शेतात उतरायचं. प्रत्येकानं आपले बैल, आपलं औत आणायचं. मोबदला नाही. ज्याचं शेत त्यानं पोटभर जेवू घालायचं, बस. त्या जेवणाला मान असतो. ते नाकारणं म्हणजे घराचा अपमान. आणि पहिली पंगत औतावरच्या माणसांची.

नऊ औतं आली. दुपारपर्यंत अर्धं खाचर लावून झालं. अर्ध्यात नुसता चिखल होता आणि बांधावर उपटलेल्या रोपांच्या जुड्या पडल्या होत्या. पाऊस थांबला होता. आज चिखल होता, उद्या असेलच असं नव्हतं. अर्धं खाचर राहिलं तर त्या घरात माघानंतर तांदूळ नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माणसं पाय धुऊन अंगणात आली. पत्रावळी मांडलेल्या होत्या. त्यांवर वाडीतली अकरा पोरं बसली होती. रखमाजी हातात पळी घेऊन त्यांना भात वाढत होता.

साहेबराव सगळ्यांत वडीलधारे. पहिलं औत त्यांचंच असायचं. ते अंगणात उभे राहिले.

"रखमाजी, इर्जिकीचा मान कुणाचा?"

"औताचा."

"मग औतावरली मानसं हुबी अन् शेंबडी पोरं पंगतीला? बांगलादेशात ह्येच शिकलास व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लुगडं आनाया सांगितलं हुतं, ह्यो रीत घिऊन आला." माणसं हसली. साहेबराव हसले नाहीत.

"जुंपा रं बैलं. घरला जाऊन जेवू."

दोघंतिघं बैलांकडं वळले. सरूबाई दारातून कळवळून म्हणाली, "अवो, मोठ्या मानसांना वाढू का? पोरं काय पळून चालली?"

"पोरांचं होऊ दे," रखमाजी म्हणाला.

मग तो बोलला. माणसांकडं पाठ करून, भाताच्या पातेल्याशी बोलल्यासारखा. परत आल्यापासून त्यानं मला यातला एक शब्द सांगितला नव्हता.

"एक म्हातारी हुती. घर जळाल्यालं. पोरगा लढाईत गेल्याला. एक नात, आपल्या बनीएवढी. म्या घर शाकारलं, तळ्याकाठचं खाचर लावलं. निघायच्या दिशी म्हातारीनं मला बसवलं. ताटात भात अन् एक अंडं. म्या म्हनलं, ही इर्जिकच की. न्हाई म्हनलं तर घराचा अपमान. म्हनून समदं खाल्लं. शीत ठिवलं न्हाई. लई खूश झालो, म्हातारीचा मान राकला म्हनून."

त्यानं एका पोराच्या पत्रावळीवर भात घातला.

"पोरगी खांबाला धरून हुबी हुती. म्या जेवतुया अन् ती हासतीया. म्या उठलो. म्हातारीनं माजं ताट घेतलं. त्यात पानी घातलं, बोटानं फिरिवलं अन् त्या पोरीला पाजलं. घरात तेवढंच हुतं. म्या तिचं जेवलो."

पोरांचे हात थांबले.

साहेबरावांनी विचारलं, "मग त्या पोरीला काय दिलंस?"

"काय देनार? माज्यापाशी काय हुतं? गाडी थांबली हुती." रखमाजीनं पळी पातेल्यात बुडवली. "घरला आलो, तर बनी तशीच हुबी. खांबाला धरून. तशीच हासतीया."

कॉलेजात मी करुण रसावर परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. त्या अंगणात मला तो शब्द आठवला आणि लाज वाटली. हा माणूस हजार मैल गेला, एक पूर्ण देश पाहून आला आणि तिथून त्यानं एक ताट तेवढं आणलं होतं. ते तो रोज आपल्या मुलीपुढं ठेवत होता.

साहेबराव भिंतीला टेकून खाली बसले.

"वाढ," म्हणाले. "पन बिगीनं. चिखल काय तुजी गोष्ट ऐकत बसनार न्हाई."

बैलांकडं गेलेले परत आले. पोरं भराभर जेवून उठली. मग बनीनं बापाच्या हातची पळी घेतली आणि आधी साहेबरावांना वाढलं. ते म्हणाले, "अगं, आनखी घाल की! म्हातारा म्हनून कमी व्हय?" तिनं आणखी भात घातला. रखमाजीच्या वाट्याला शेवटी पातेल्याची खरवड आली. तो ती खाऊन सगळ्यांच्या आधी चिखलात उतरला. दिवस मावळायच्या आत खाचर लावून झालं.

दहा दिवसांनी साहेबरावांकडं इर्जिक होती. त्यांचे जावई भोंगवलीहून आले होते. अंगणात आधी पोरांची पंगत बसलेली पाहून ते चकित झाले.

"मामा, ही कंची रीत?"

"आमच्यात पयल्यापास्नंच आशी हाय," साहेबराव ठसक्यात म्हणाले.

मला हसू आलं. मी रखमाजीकडं पाहिलं. त्यानं ते ऐकलंच नव्हतं. तो पंगत निरखत होता, मग दाराकडं, मग गोठ्याच्या खांबांकडं. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ सरकला.

"गुरुजी, तुमची नजर चांगली हाय. बगा बरं जरा, कुनी हुबं तर न्हाई ना ऱ्हायलं?"