पुढची रांग

संताप आला की कुसुमबाई बोलत नसत, पदर कमरेला खोचत. त्या जून महिन्यात त्यांचा पदर कमरेवरून सुटलाच नाही.

बोरीजवळच्या वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. बाई मुख्याध्यापिका, व्यंकटराव गुरुजी सहशिक्षक, खोल्या दोन. निम्मी पोरं दिवाळी झाली की आईबापांमागे ऊसतोडीला जायची आणि शिमगा उलटल्यावर परतायची, ती शिकलेली अक्षरं उसाच्या फडात सांडूनच. म्हणून बाईंनी यंदा रांगा बदलल्या. वाचता न येणारी पोरं पुढे, फळ्याजवळ, बाईंच्या हाताशी. वाचणारी मागे. दुपारच्या सुट्टीनंतर मागच्यानं पुढचा एक जोडीदार धरायचा आणि त्याच्याकडून धडा वाचून घ्यायचा. दिवाळीआधी फडावर जाणारं प्रत्येक पोर वाचू लागलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट.

साधी गोष्ट. पण ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. कोण कुणाशेजारी बसतो, यावर गावाचे डोळे आधीच लागलेले. आणि लग्नाच्या पंगतीपासून सप्त्याच्या मंडपापर्यंत गावाला एकच ठाऊक: पुढची जागा मानाची.

पहिला आला ऊसतोडीला जाणारा चंद्रभान. हातात गुळाचा खडा, चेहऱ्यावर दिवाळी.

"बाई, लय उपकार झाले! माझी दैवशाला पाटलाच्या नातवाच्या म्होरं बसायलीय. साऱ्या गल्लीला सांगितलं."

"अहो, तिला वाचता येत नाही, म्हणून पुढे बसवलंय."

बाईंपुढे केलेला गूळ पुन्हा चंद्रभानच्या मुठीत गेला. "म्हंजी मी गावभर मिरवायलोय, अन् तुमी पोरीची बेइज्जती करायलाव? मागं बसवा तिला. आत्ताच्या आत्ता!"

तो पाय आपटत गेला. व्यंकटराव गुरुजी दाराला टेकून सगळं ऐकत होते. "बाई, आधीच्या हेडमास्तरांनी एकच नेम पाळला. पाटलाचं पोरगं म्होरं, बाकी खुदा मालक. सुखानं रिटायर झाले."

"तुमचा वर्ग तिकडे आहे, गुरुजी."

दुपारी सरपंच किशनराव पाटील आले. काठी आधी, मिशा नंतर, मग पाटील. आख्खा वर्ग उभा राहिला.

"बाई, आमचा बन्सी मागं?"

"काका, तो छान वाचतो, म्हणून मागे."

"वाचतो म्हून मागं? ह्ये कोन्या मुलखाचं शास्त्र?"

"तो दैवशालाला शिकवतो. शिकवता शिकवता त्याचंही पक्कं होतं."

"उद्या बन्सी म्होरं दिसला न्हाई, तर मी तालुक्याला चाललो. बदलीला येळ लागायचा न्हाई."

बाईंनी मनात हिशोब केला. आपण गेलो की व्यंकटराव दुसऱ्या दिवशी रांगा उलट्या करणार, आणि दैवशाला दिवाळीला कोरीच्या कोरी फडावर जाणार. पदर घट्ट खोचत त्या म्हणाल्या, "काका, घडीभर बसून बघा. मग खुशाल जा."

"बसतो की. पन म्होरंच बसंन!"

आणि पाटलांनी उपरणं अंथरलं ते थेट पुढच्या रांगेत, दैवशालाच्या शेजारी.

वाचन सुरू झालं. प्रत्येकानं एक ओळ वाचायची. दैवशालानं अक्षराखाली बोट धरून, घाम पुसत, आपली ओळ पार केली आणि पुस्तक शेजारी सरकवलं. "आता आबांची पाळी!"

पाटलांनी पुस्तक लांब धरलं, मग जवळ धरलं. "चष्मा घरी राहिला."

"खिशात हाय की, आबा," दैवशाला म्हणाली.

चष्मा चढला. ओळ मात्र हलेना. तेव्हा बाईंना उमगलं. पाटलांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतलं. मराठीत सहीपुरतीच अक्षरं.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. "पुढच्या रांगेला हसायचं नाही. नियम आहे."

बन्सी सांगितल्याशिवाय उठून आला, आजोबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि बोट ठेवलं. "आबा, ह्ये शे."

"ठावं हाय रं!" पाटील गुरगुरले. मग हळूच, "शे... ता... त."

शाळा सुटल्यावर ते दारात थांबले. "उर्दूची चार बुकं झाली माझी. मौलवीसाब मला भिंतीला बसवायचे, पार मागं. त्यांची जबान कळायची न्हाई, अन् ते कधी इचारायचे न्हाईत." काठीनं उगाच माती उकरली. "बन्सी मागंच राहू द्या. शिकवायला बरं जमायलंय त्याला."

"आणि तालुका, काका?"

"कशाला? तिथं काय काम हाय माझं?"

फाटकाशी चंद्रभान पोरीला न्यायला उभा होता. पाटील त्याच्यावर खेकसले, "पोरगी म्होरंच बसंल! मी बसून आलोय तिथं."

त्या रात्री बाई कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या.

सकाळी शाळेच्या फाटकाशी ही गर्दी! आया, बाप, कडेवरची पोरं. "आमचं बी म्होरं बसवा, बाई! सरपंच बसले म्हनं!" वाचणाऱ्यांचे बाप सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. आणि सगळ्यांच्या पुढे चंद्रभान, हात जोडून.

"बाई, एकच इनंती. दैवशाला वाचाया लागली, तरी तिला मागं ढकलू नका."

कुसुमबाईंनी पदर खोचला.