उत्सुनाचा कंद

इमेरेती प्रांतातल्या त्या गावात लग्न ठरलं की आधी उशांगीला विचारत, मग पाद्र्याला. तो तमादा होता. मेजाच्या डोक्याशी बसून दर चषकाआधी दोन शब्द बोलणारा, पंगतीला रडवणारा, हसवणारा आणि स्वतः शुद्ध न हरपता सगळ्यांहून जास्त पिणारा. घरी मात्र तो तोंडातून शब्द काढत नसे. त्सियाला नावाची त्याची बायको म्हणायची, "याचं बोलणं ऐकायचं तर मलाच कोणाच्या तरी लग्नात जाऊन बसायला हवं."

पन्नाशीत त्याच्या पायाचा अंगठा सुजला. चादर टेकली तरी तो विव्हळे. गावच्या डॉक्टरीण नानुलीबाईंनी संधिवाताच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि दारू-मटण बंद करायला सांगितलं. गोळ्यांनी दुसऱ्याच दिवशी पाय हलका झाला. दारू-मटणाचं तो विसरून गेला. पुढे प्रत्येक मेजवानीआधी गोळी, नंतर गोळी.

"हे औषध आपल्या कुरणातल्या उत्सुनापासूनच निघालंय," नानुलीबाईंनी त्याला बजावलं. "त्या फुलाला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आणि तुमची मूत्रपिंडं आता थकलीत. यापुढे मला विचारल्याशिवाय एकही गोळी नको."

त्यातलं उशांगीने पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या जिवलग मित्राच्या, बिचिकोच्या मुलाचं लग्न निघालं. आदल्या दिवशी सकाळी अंगठा पुन्हा पेटला. त्सियालाने गोळ्या पिठाच्या डब्यात दडवल्या.

"कुठे ठेवल्यास?"

"संपल्या."

"खोटं बोलतेस. उद्या बिचिकोला काय तोंड दाखवू?"

"एक लग्न तुझ्यावाचून झालं तर आभाळ कोसळणार नाही."

तो लंगडत कुरणात गेला. उत्सुना फुलला होता. पान नाही, नुसती गुलाबी फुलं. त्याने कंद उकरले, ठेचले, द्राक्षाच्या कडक दारूत भिजवले आणि संध्याकाळी गाळून प्यायला. रात्री पोट ढवळलं, पण सकाळी सूज ओसरली होती. जाताना बायकोकडे बघून म्हणाला, "तुझ्या गोळ्या तुलाच लखलाभ."

तिसऱ्या चषकाला, दिवंगतांच्या नावाने बोलताना, तो मेजावरच ओकला. कोणीतरी म्हणालं, "म्हातारा झाला आपला तमादा," आणि हशा पिकला. बिचिकोही हसला. दोघा पाहुण्यांनी त्याला अंगणात नेऊन बसवलं आणि ते परत आत गेले. त्सियाला आली तेव्हा तो भिंतीशी पडला होता, कपडे घाण झालेले. आत दुसरा कोणी तमादा झाला होता.

कुताइसी शहरातल्या इस्पितळात त्याने कंदाचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, त्याने मक्याची भाकरी मागितली. त्सियालाला वाटलं, सुटलो. तिथला डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "या विषाला उतारा नाही. खरं आता सुरू होईल."

तसंच झालं. लघवी बंद झाली, रक्त पातळ झालं, हिरड्या वाहू लागल्या. पुढे केसांचे पुंजके उशीवर राहू लागले. तरी तो वाचला. कसा, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

उशांगी घरी परतल्यावर बिचिको एकदाच भेटायला आला. उशांगीच्या टकलाकडे न बघता सरपणाबद्दल, पावसाबद्दल बोलला आणि उठला. केस हिवाळ्यात परत उगवले, पांढरे, मऊ. पायातली ताकद मात्र परतली नाही आणि दारू कायमची सुटली. दारू न पिणाऱ्याला मेजाच्या डोक्याशी कोण बसवणार? गावात लग्नं होत राहिली. त्याला कोणी विचारलं नाही.

आता मात्र तो घरात बोलतो.

"गोळ्या दिल्या असत्यास तर मी कंदाला हात लावला नसता," राजम्याची वाटी पुढे आली की तो म्हणतो.

पहिल्या वर्षी त्सियाला भांडली, रडली. गोळीतही तेच विष होतं, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला परोपरीने समजावलं. आता ती म्हणते, "जेव. निवतंय."

आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत दाराबाहेर उभी राहते.